एका दिवसात वाशीम जिल्हा : वत्सगुल्म ते कारंजा

इटलीतील टस्कनी प्रांताची एकदिवसीय सहल आता मराठी पर्यटकांनाही अपरिचित राहिलेली नाही. सकाळी फ्लॉरेन्सहून बस निघते, सिएना आणि सान जिमिन्यानो ही टेकडीवरील मध्ययुगीन नगरे दाखवते आणि रात्री पुन्हा फ्लॉरेन्सला आणून सोडते. वेशीतून आत शिरायचे, अरुंद गल्ल्यांतून पायी हिंडायचे, एखाद्या बुरुजाची कथा मार्गदर्शकाच्या तोंडून ऐकायची, असा हा क्रम असतो. सान जिमिन्यानोत एके काळी सत्तरहून अधिक उंच मनोरे होते. त्यांपैकी जेमतेम चौदा आज उभे आहेत. तेवढ्यांच्या बळावर हे गाव १९९० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

अशाच स्वरूपाची एक सहल विदर्भाच्या पश्चिम भागात सहज शक्य आहे, ही गोष्ट मात्र विदर्भातही फारशी ध्यानात घेतली जात नाही. वाशीम जिल्ह्यात एका दिवसाच्या अंतरावर एक प्राचीन राजधानी, शतकभर न्यायालयात गाजलेले एक जैन तीर्थ, पिराच्या नावाने ओळखले जाणारे एक गाव आणि वेशींचे एक व्यापारी नगर आहे. हा सारा प्रवास शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा आहे. उणीव आहे ती वाटाड्याची. हा लेख काही अंशी ती उणीव भरून काढण्यासाठी आहे.

दोन खोऱ्यांमधील पठार

वाशीम हे टेकडीवरचे गाव नव्हे, पठारावरचे आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांचा जो विस्तार पूर्वेकडे पसरतो, त्या उंचवट्यावर हा जिल्हा वसला आहे. वाशीम शहराची उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास भरते. येथील पाणी दोन दिशांना वाहते. वाशीमजवळ काटा गावाच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते. पूस, अडाण, अरुणावती या नद्या पैनगंगेमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात जातात. दोन खोऱ्यांमधील ही उंच भूमी दक्षिणोत्तर प्रवासाच्या वाटेवर होती. येथे राजधानी आणि पुढे बाजारपेठा का उभ्या राहिल्या, याचे एक उत्तर या भूगोलात सापडते.

प्रशासनाच्या नकाशावर मात्र वाशीमचे स्थान सतत बदलत राहिले. इंग्रजी अमदानीत वऱ्हाड प्रांतात ‘बासीम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. तो १९०५ मध्ये मोडून त्याचे भाग अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत घालण्यात आले. त्यानंतर ९३ वर्षांनी, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून वेगळा होऊन आजचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. केंद्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश झाला. म्हणजेच विकासाच्या निकषांवर मागे पडलेला जिल्हा, ही त्याची आजची सरकारी ओळख. सोळाशे वर्षांपूर्वीची ओळख अगदी निराळी होती.

सकाळ : राजधानी वत्सगुल्म

सहलीचा आरंभ वाशीम शहरातून करावा. या शहराचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींच्या तपश्चर्येमुळे देवांचा समुदाय येथे येऊन राहिला, म्हणून हे नाव पडले, अशी स्थानिक परंपरा आहे. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत वेगळी व्युत्पत्ती मिळते. तीनुसार वत्स आणि गुल्म या दक्षिणेतील दोन राजपुत्रांवरून या प्रदेशाला नाव मिळाले. मूळ कामसूत्रातही या प्रदेशाचा निर्देश आहे.

इतिहासाच्या दृष्टीने वत्सगुल्मचे महत्त्व वाकाटकांमुळे. सम्राट पहिला प्रवरसेन याच्या निधनानंतर, इसवी सनाच्या चौथ्या शतकात, त्याचे राज्य पुत्रांमध्ये विभागले गेले. एक शाखा नागपूरजवळील नंदिवर्धन येथून राज्य करू लागली. सर्वसेन या पुत्राने वत्सगुल्म येथे आपली गादी स्थापन केली. हा सर्वसेन स्वतः कवी होता. ‘हरिविजय’ हे त्याचे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. परंतु संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. याच शाखेतील हरिषेण हा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रबळ राजा. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरविले आणि तेथील शिलालेखात आपल्या धन्याच्या घराण्याची वंशावळ नोंदविली. अजिंठ्याची चित्रे पाहणारे लाखो पर्यटक ज्या राजवटीची निर्मिती पाहून थक्क होतात, तिची राजधानी वाशीम होती, ही माहिती फार थोड्यांना असते.

ही माहिती अभ्यासकांनाही उशिराच मिळाली. वाशीम येथे सापडलेले ताम्रपट १९३९ मध्ये प्रसिद्ध होईपर्यंत वत्सगुल्मच्या स्वतंत्र शाखेची कोणाला कल्पना नव्हती. यवतमाळचे संशोधक डॉ. य. खु. देशपांडे यांचा या प्रकाशनात मोठा वाटा होता. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्म येथून दिलेले हे दानपत्र आहे. नांदीकट, म्हणजे आजच्या नांदेडच्या परिसरातील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची त्यात नोंद आहे. लेखाचा काही भाग संस्कृतात व बराचसा प्राकृतात आहे. या ताम्रपटांच्या आधारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या शिलालेखातील पुसट अक्षरे नव्याने तपासली आणि पूर्वीच्या विद्वानांना न लागलेले सर्वसेनाचे नाव तेथे वाचून दाखविले. वाशीमच्या मातीतून निघालेल्या तांब्याच्या पत्र्यांनी अजिंठ्याचा इतिहास दुरुस्त केला तो असा.

दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली तेव्हाही या नगराची कीर्ती टिकून होती. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह त्याने विदर्भातील वत्सगुल्म येथेच लावून दिला आहे. वैदर्भी रीतीला प्राकृतात ‘वच्छोमी’ म्हणत, ते याच गावाच्या नावावरून.

तळे, बालाजी आणि मध्यरेषा

वाकाटककालीन एकही वास्तू आज शहरात उभी दिसत नाही. प्रवाशाने हे आधीच मनाशी धरून चालावे, म्हणजे निराशा होत नाही. जे दिसते ते नंतरच्या काळातील आहे आणि तेही पाहण्याजोगे आहे. वत्सगुल्म क्षेत्रात १०८ तीर्थे असल्याची परंपरा सांगितली जाते. त्यांपैकी पद्मतीर्थ हे विष्णूने निर्माण केले, अशी श्रद्धा आहे.

शहरातील प्रमुख देवालय बालाजीचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भवानी काळू याने ते बांधले. गावच्या पाटवारकीपासून सुरुवात करून नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील साबाजी भोसले यांच्या दिवाणपदापर्यंत पोहोचलेला हा कर्तबगार गृहस्थ. मूर्तिभंजनाच्या भीतीने जमिनीत पुरून ठेवलेल्या मूर्ती पुढे विस्मरणात गेल्या आणि एका घोडेस्वाराच्या काठीने माती उकरली गेल्यावर मूर्तीचे बोट दिसले, अशी या देवस्थानाची कथा आहे. मंदिराची भक्कम बांधणी आणि त्याच काळातील देव तलाव पाहण्यासाठी तासभर राखून ठेवावा. आश्विनातील उत्सवाच्या दिवसांत येथे मोठी गर्दी असते. वास्तू निवांत पाहू इच्छिणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत.

मध्यमेश्वराचे मंदिर आकाराने लहान. पण त्याच्या नावामागील संदर्भ मोठा आहे. भारतीय ज्योतिषगणितात लंका ते मेरू अशी एक मध्यरेषा कल्पिलेली होती आणि उज्जयिनी ही तिच्यावरील प्रमुख नगरी. भास्कराचार्यांनी ११८३ च्या ‘करणकुतूहल’ ग्रंथात या रेषेवरील स्थळांची यादी देताना वत्सगुल्मचे नाव घेतले आहे. आधुनिक मोजणीनुसार वाशीम हे उज्जैनच्या रेखावृत्तापासून सव्वा अंशाहून अधिक पूर्वेला भरते. तरीही ज्या यादीत कांची, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र आहेत, तीत वाशीमचेही नाव असावे, यातून बाराव्या शतकातील या नगराची प्रतिष्ठा कळते.

दुपारपूर्वी : शिरपूर जैन

वाशीमहून सुमारे वीस किलोमीटरवर, मालेगाव तालुक्यात, शिरपूर हे गाव आहे. ‘शिरपूर जैन’ या नावाने ते ओळखले जाते. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा असून ‘अंतरिक्ष’ हे नाव त्यावरूनच आले. एलिचपूरच्या श्रीपाल राजाचा असाध्य रोग येथील जलाने बरा झाला व त्यातून ही मूर्ती प्रकट झाली, अशी कथा सांगतात. गावाबाहेरील पवळी मंदिर हे जुन्या दगडी बांधणीचे देवालय असून शिल्पांची आवड असणाऱ्यांनी ते आवर्जून पाहावे.

शिरपूरची दुसरी ओळख न्यायालयीन इतिहासात आहे. पूजेचा अधिकार व व्यवस्थापन यांवरून श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांत येथे दीर्घकाळ वाद चालला. १९०५ मध्ये दोन्ही बाजूंच्या प्रमुखांनी पूजेच्या वेळांचे वेळापत्रक ठरवून तडजोड केली. परंतु ती टिकली नाही. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले व १९२९ मध्ये तेथे निकाल लागला. वाद मात्र शमला नाही. १९८१ मध्ये मूर्ती असलेल्या भागाला कुलूप लागले आणि पुढील चार दशके भाविकांना झरोक्यातून दर्शन घ्यावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूर्तीला लेप देण्याची अनुमती श्वेतांबर पक्षाला दिली आणि मार्च २०२३ मध्ये दार उघडले. त्यानंतरही वादाचे पडसाद उमटले. पर्यटकाने येथे कोणत्याही पक्षाची बाजू न घेता, मंदिराचे नियम पाळून दर्शन घ्यावे आणि छायाचित्रणापूर्वी परवानगी विचारावी. याच गावात जानगीर महाराजांचे संस्थानही आहे. एकाच शिवारात निरनिराळ्या उपासना शतकानुशतके कशा नांदल्या, हे त्यामुळे डोळ्यांसमोर येते.

दुपार : मंगरूळपीर

शिरपूरहून मालेगाव आणि तेथून शेलूबाजारमार्गे मंगरूळपीर गाठता येते. वाटेत दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीतील सोयाबीन, तूर आणि कापसाची शेते दिसतात. मंगरूळ या नावाची गावे वऱ्हाडात अनेक. हे मंगरूळ तेथील पिरांमुळे ‘मंगरूळपीर’ झाले. हयात कलंदर यांचा दर्गा हे येथील प्रमुख स्थान. बिरबलनाथ महाराजांचे मंदिरही याच गावात असून दोन्ही ठिकाणी दूरदूरच्या गावांतून लोक येतात. जेवणासाठी येथे थांबणे सोयीचे पडते. ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा असा वऱ्हाडी बेत मिळाला तर तो चुकवू नये.

दुपारनंतर : वेशींचे कारंजा

मंगरूळपीरहून तीसेक किलोमीटरवर कारंजा आहे. इतर कारंजांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्याला ‘कारंजा लाड’ म्हणतात. लाड व्यापाऱ्यांच्या वस्तीवरून हे नाव रूढ झाल्याचे मानले जाते. करंज ऋषींच्या व्याधीनिवारणासाठी देवीने तळे निर्माण केल्याची कथा येथे प्रसिद्ध असून ऋषी तलाव त्या कथेशी जोडलेला आहे.

टस्कनीतील नगरांशी तुलना करायची झाल्यास ती कारंजाशीच करावी लागेल. या गावाला तटबंदी होती आणि चार वेशी होत्या. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही त्यांची नावे. वेशीचे नाव म्हणजे तेथून निघणाऱ्या वाटेचा पत्ता. एका वेशीतून निघालेला व्यापारी शेजारच्या गावी जाई, तर दुसरीतून निघालेला थेट उत्तरेच्या वाटेला लागे. तटबंदी जवळजवळ नाहीशी झाली असली, तरी वेशींमुळे जुन्या नगराची मर्यादा आजही उमगते. त्यामुळे वाहन बाहेर ठेवून जुन्या गावात पायीच फिरावे.

कारंजाच्या संपत्तीची ख्याती मोगल काळात दूरवर पोहोचलेली होती. कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका त्याचीच साक्ष देते. उंटांवर लादून आणलेली कस्तुरी येथे कोण घेणार, असा प्रश्न व्यापाऱ्याला पडला असता लेकुर संघई या धनिकाने ती सारी विकत घेतली आणि हवेलीच्या बांधकामातील चुन्यात कालवली, असे सांगतात. आख्यायिका खरी मानावी की नाही, हा प्रश्न वेगळा. पण ती ज्या नगरात जन्मली, त्या नगराच्या श्रीमंतीचा पुरावा इतिहासात आहे. १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट आणि वणी-दिंडोरीची लढाई यांनंतर छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्याने वऱ्हाडात मुसंडी मारली आणि कारंजा लुटले. सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैल व गाढवांवर लादून नेल्याचे इतिहासकार सर जदुनाथ सरकार यांनी नमूद केले आहे. गावातील धनवान मंडळी पकडली गेली. त्यांतील सर्वांत श्रीमंत सावकार तेवढा स्त्रीवेश घेऊन निसटला, अशीही नोंद मिळते.

पोथ्यांचे भांडार

या श्रीमंतीतून केवळ वाडे उभे राहिले नाहीत. कारंजात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैनांच्या तीन भट्टारक परंपरांची मंदिरे आहेत. काष्ठासंघ मंदिरातील लाकडी कोरीवकाम बारकाईने पाहण्यासारखे आहे. या मंदिरांनी शतकानुशतके जपलेल्या हस्तलिखितांनी विसाव्या शतकात भारतीय भाषांच्या अभ्यासाला नवी दिशा दिली. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजातील अपभ्रंश ग्रंथ विद्वानांच्या नजरेत आले. पुढे ‘कारंजा जैन ग्रंथमाला’ सुरू झाली. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये संपादित केले, डॉ. हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ आदी ग्रंथ सिद्ध केले. प्राकृत आणि आजची मराठी, हिंदी, गुजराती यांच्यामधील दुवा म्हणजे अपभ्रंश. त्या दुव्याची काही कडी कारंजातील पेट्यांतून निघाली. येथील महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल १९१८ पासूनचे आहे. पोथ्या पर्यटकांना सरसकट दाखविल्या जात नाहीत. अभ्यासकांनी आधी संपर्क साधून जावे.

सायंकाळ : गुरुमंदिर

दिवसाची अखेर गुरुमंदिरात करावी. दत्तसंप्रदायात दत्तात्रेयांचा दुसरा अवतार मानले गेलेले श्री नृसिंह सरस्वती यांचा जन्म चौदाव्या शतकात कारंजात झाला. माधव व अंबा हे त्यांचे मातापिता. मुंजीपर्यंत ओंकाराखेरीज न बोललेल्या या बालकाने मुंज होताच वेदोच्चार केला, अशी ‘गुरुचरित्रा’तील कथा मराठी घरांत परिचित आहे. पुढे काशी, औदुंबर, नरसोबाची वाडी आणि गाणगापूर असा त्यांचा प्रवास झाला. वाडी आणि गाणगापूर यांना भाविकांची रीघ लागली. जन्मस्थान मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. श्री वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामी यांनी या स्थानाकडे लक्ष वेधले आणि ब्रह्मानंद सरस्वती यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये येथे निर्गुण पादुकांची स्थापना झाली. सायंआरतीच्या वेळी मंदिराचे शांत, गंभीर वातावरण अनुभवण्याजोगे असते.

वाटाड्याचा प्रश्न

ही सहल कागदावर सुबक दिसते. प्रत्यक्षात प्रवासी वाशीमला पोहोचतो तेव्हा वत्सगुल्मची कथा सांगणारा कोणी भेटेलच, याची खात्री नाही. इटलीत पर्यटक मार्गदर्शक हा परवानाधारक व्यवसाय आहे. सिएनाने तर १९६०च्या दशकातच जुन्या नगरातून मोटारींना हद्दपार करून पायी फिरण्याची संस्कृती जपली. तेथील दगड आपल्या दगडांहून अधिक बोलके आहेत, असे नाही. त्यांच्या वतीने बोलणारी माणसे तयार केली गेली.

वाशीम जिल्ह्यात अशी माणसे तयार करणे खर्चिक नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०२० मध्ये मार्गदर्शकांसाठी ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. इतिहास विषय शिकणाऱ्या स्थानिक महाविद्यालयीन तरुणांना तो खुला आहे. कारंजातील प्रत्येक वेशीवर चार ओळींचा फलक, वाशीमच्या ताम्रपटांची छायाचित्रे व मराठी अनुवाद मांडणारे एखादे दालन, आणि रविवारी सकाळची एक मार्गदर्शित फेरी, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते. पोहरादेवी येथे बंजारा समाजाचा इतिहास मांडणाऱ्या संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. एका समाजाचा वारसा असा मांडता येतो, तर एका राजधानीचाही येईल.

काळ मात्र थांबणारा नाही. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेने वाहतो आहे. कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव येथे त्यावरून उतरण्याची सोय आहे. उतरायला कारण मिळाले नाही, तर रस्ता जवळ येऊनही गावे दूरच राहतील. बाजारपेठेचे महत्त्व ओसरले की जुने वाडे विकले जातात, लाकूड आणि दगड वेगळे होतात आणि वेस ही वाहतुकीची अडचण वाटू लागते. सान जिमिन्यानोच्या मनोऱ्यांपैकी बहुतेक असेच गेले. उरलेले जपण्याची बुद्धी वेळेवर झाली, म्हणून आज तेथे बस थांबते.

कसे जाल?

वाशीम हे अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. २००८ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला. अकोल्याहून रस्त्याने वाशीम सुमारे ८० किलोमीटर आहे. नागपूर, अमरावती किंवा छत्रपती संभाजीनगरहून येणाऱ्यांना समृद्धी महामार्ग सोयीचा. या मार्गावर दुचाकींना मनाई आहे, हे लक्षात ठेवावे. कारंजावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही ‘शकुंतला’ नॅरोगेज गाडी आता धावत नाही.

क्रम : वाशीम, शिरपूर, मालेगाव, शेलूबाजार, मंगरूळपीर, कारंजा. नागपूरकडून येणाऱ्यांनी हाच क्रम उलटा ठेवावा; मात्र तसे केल्यास गुरुमंदिर सकाळी पाहावे लागेल.

हंगाम : ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत वऱ्हाडातील ऊन पायी फिरू देत नाही.

आणखी एक दिवस असल्यास : मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान असून बंजारा समाजाची काशी मानले जाते. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. कारंजाजवळील सोहोळ अभयारण्यात काळविटांचे कळप पाहता येतात. रिसोडला पिंगळाक्षी देवीचे मंदिर असून तेथून पुढे बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर गाठणे सोयीचे आहे.